रेषेला हात लागला की नाही

माझं लग्न कबड्डीमुळे ठरलं असं सांगितलं की लोकांना वाटतं, नवरा खेळाडू असणार. नवऱ्याने जन्मात कधी अंगाला मैदानाची माती लावून घेतली नाही. खेळाडू होते ते माझे वडील आणि माझे सासरे. दोघे पेणजवळच्या खाडीकाठच्या एकाच गावचे, एकाच आळीतले आणि एकाच संघातले. वडील तरुणपणीच रोह्याला कंपनीत लागले आणि तिथेच घर करून राहिले, म्हणून माझं माहेर रोहा. सासरे गावात मिठागरावर राहिले, म्हणून सासर ते गाव. दोस्ती घट्ट होती. वाद एकाच गोष्टीवर होता आणि तो माझ्या जन्माआधीपासून चालू होता: आपल्या संघातला आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण?

मला बघायला मंडळी रोह्याला आली, तेव्हा मी चहा घेऊन बाहेर आले तर दोघे जमिनीवर खडूने मैदान आखून बसले होते. चहा द्यायचा तर मला मध्यरेषा ओलांडून जावं लागलं. स्वैपाक येतो का, शिवण येतं का, कुणी काही विचारलं नाही. नवरा म्हणून जो मुलगा खुर्चीत बसला होता तो बिचारा मधूनमधून पंख्याकडे बघत होता. शेवटी सासूबाईंनीच विचारलं, पोरगी पसंत हाय का नाय. दोघांनी मान वर न करता एका सुरात व्हय म्हटलं आणि पुन्हा खडू उचलला.

तो खडूचा वाद होता एका फायनलचा. रोह्याच्या मैदानावर, दोघे विशीत असतानाची. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि समोरच्या संघाचा एक रेड्यासारखा गडी चढाईला आला. माझे वडील डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे. त्यांनी त्याचा घोटा धरला आणि तो हलला नाही. लगेच सासरे चढाईला गेले, तिघांना शिवून परत आले आणि ढाल आमच्या गावात आली. सासऱ्यांचं म्हणणं, तीन गडी मी मारले म्हणून ढाल. वडिलांचं म्हणणं, तो रेडा मी धरला नसता तर तुझ्यावर चढाईची पाळीच आली नसती. हे एवढंच. यावर दोन माणसं किती बोलू शकतात ते मी सून होऊन गेल्यावर मला कळलं.

कारण गावातही दोन पार्ट्या होत्या. चढाईवाले सासऱ्यांचे, पकडवाले वडिलांचे. वडील गाव सोडून रोह्याला गेले तरी त्यांची पार्टी गावात शाबूत होती. लावणीच्या चिखलात हा वाद व्हायचा, मिठागराच्या बांधावर व्हायचा, गडबच्या नाक्यावर एसटीची वाट बघताना व्हायचा. ज्यांनी दोघांना खेळताना पाहिलंच नव्हतं ते सगळ्यात जास्त तावातावाने बोलायचे. माझ्या सासूबाईंनी मात्र दोघांना खेळताना पाहिलं होतं. त्यांना विचारलं की त्या म्हणायच्या, "मोठा खेळाडू तो, जो खेळून आल्यावर आपली चड्डी आपण धुतो. असा आपल्या संघात एक पण झाला नाय."

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीचं काम करायची. मूर्ती रंगून झाली की शेवटी डोळे काढायचे, ते माझ्याकडे. गावातून सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. डोळे उघडले की माती बघायला लागते, याचं मला अजूनही दर वेळी नवल वाटतं. घरी कबड्डी आणि कारखान्यात गणपती, असे माझे दोन संसार वेगवेगळे चालले होते. नव्वदचं दशक सरत आलं त्या वर्षी ते एकमेकांवर येऊन आदळले.

संघाला पन्नास वर्षं झाली. सार्वजनिक गणपतीत त्याचाच देखावा करायचा असं देवळातल्या बैठकीत ठरलं. मखराशेजारी मैदान आणि त्यावर संघातला सगळ्यात मोठा खेळाडू, शाडूच्या मातीचा, चढाई करताना. इथपर्यंत सगळे एकदिलाने टाळ्या वाजवत होते. मग कुणीतरी विचारलं, तोंड कुणाचं? त्यानंतर जे झालं त्याला बैठक म्हणता येणार नाही. एका म्हाताऱ्याने देवळाच्या घंटेचा दोर धरून आपला मुद्दा मांडला. दुसऱ्याने देवासमोर पथारी पसरून पकड कशी करतात ते एका चढाईवाल्याच्या घोट्यावर करून दाखवलं आणि तो घोटा दोन दिवस सुजला. शेवटी थकून सगळ्यांनी एक तोड काढली. चेहरा शेवटी रंगवणार कोण? पेणला आपली सून हाय. ती एकाची पोर, दुसऱ्याची सून. ती अन्याय करणार नाय. ती ठरवेल.

मला हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर गेली ती करपूनच खाली आली. वडिलांचा चेहरा काढला तर मी ज्या घरात राहते तिथे मला जन्मभर चढाई ऐकावी लागणार. सासऱ्यांचा काढला तर रोह्याला जायचं तोंड राहणार नाही. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण दोघे साठीच्या पुढे गेले होते आणि दोघांना ते खरंच हवं होतं. त्या हवेपणात थोडी लाजही होती, म्हणून ते दोघेही वरून म्हणत, आपल्याला काय त्याचं.

आपल्याला काय त्याचं म्हणणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी दुसऱ्या दिवसापासून मिशीला कलप लावायला सुरुवात केली. संध्याकाळी मी अंगणात भांडी घासायला बसले की ते समोर येऊन चढाईच्या पवित्र्यात उभे राहायचे. एक हात पुढे, गुडघे वाकलेले, मान जरा तिरकी. म्हणायचे, सहज उभा हाय, कंबरेला बरं पडतं. कोंबड्या त्यांना वळसा घालून जायच्या. नवऱ्याने तर डोलवीच्या कंपनीत मागून मागून दुसरी शिफ्ट घेतली आणि या प्रकरणातून अंग काढून घेतलं.

वडील रविवारी रोह्याहून यायचे. आधी ते वर्षातून दोनदा यायचे, आता दर रविवारी. हातात पिशवीभर वाल, नाहीतर आईने केलेलं बिरडं. मी जेवायला बसले की खिशातून एक जुना फोटो काढायचे आणि भिंतीला टेकवून ठेवायचे. फोटोत संघ उभा होता, काळापांढरा, आणि वडील डाव्या टोकाला. फोटोतही कोपरा सोडला नव्हता. फोटो माझ्याकडे बघायचा आणि मी बिरड्याकडे. एकदा मी रोह्याला गेले तर आईने सांगितलं की हा माणूस रोज आरशासमोर उभा राहून गाल आत घेतो. तरुण दिसायला.

कारखान्यातही शांतता नव्हती. तिथल्या बायकांनी कबड्डी फक्त टीव्हीवर पाहिलेली, पण दोन पार्ट्या तिथेही पडल्या. गुलाबी रंगवाल्या वडिलांच्या, सोनेरी रंगवाल्या सासऱ्यांच्या. दीड हात उंचीचा मातीचा खेळाडू कोपऱ्यात उभा होता, अंग तयार, हात पुढे काढलेला आणि तोंडाच्या जागी नुसता गोळा. येता-जाता प्रत्येक बाई त्या गोळ्याला एकदा तरी नाक काढून बघायची. मी संध्याकाळी घरी जाण्याआधी ते नाक पुसायची. कारखान्याचे मालक रोज विचारायचे, झालं का गं तुमच्या गावाचं? मी म्हणायची, नाही हो, अजून चालू आहे.

मग श्रावणातल्या एका रविवारी दोघे एकदमच कारखान्यात आले. वडील रोह्याहून, सासरे गावातून, दोघांना माहीत नव्हतं की दुसरा येतोय. बघितलं तर दोघांनीही आपापले जुने संघाचे बनियन घातलेले, वर शर्टाची बटणं उघडी. मला हसू आवरेना. मी ब्रश तोंडात धरला. दोघे त्या बिनतोंडाच्या खेळाडूसमोर उभे राहिले. सासरे म्हणाले, हात चढाईचा हाय, म्हणजे तोंड कुणाचं ते सरळच हाय. वडील म्हणाले, हात पकडीचा पण असतो. तेवढ्यात मालक हिशेब करत बसले होते ते मान वर करून सहज म्हणाले, "खाडीत सोडणार ना याला? मग तोंडाला माती जाड लावू नका, लवकर विरघळायला हवा."

दोघांनी एकदम मागे बघितलं. सोडणार म्हणजे? मालकांना त्यांचं कळेना. ते म्हणाले, मातीचा आहे, मखराशेजारी असणार, गणपतीला वाहिलेली फुलं त्याच्याही गळ्यात पडणार. अनंत चतुर्दशीला तो गणपतीबरोबरच जाणार. ठेवणार कुठं?

मी दोघांच्या तोंडाकडे बघितलं. इतके दिवस पूर्ण गाव, देवळातली बैठक, दोन्ही घरं आणि पेणचा एक कारखाना, कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की जिवंत माणसाचा पुतळा आपण हार घालून, गुलाल उडवून, वाजतगाजत नेऊन बुडवणार आहोत. आणि वर सगळे ओरडणार, पुढच्या वर्षी लवकर या. आम्ही गणपतीवर जगणारे लोक. विसर्जनाचं आम्हाला कुणी शिकवायला नको. पण चेहऱ्याच्या वादात विसर्जन विसरलो.

पहिले सासरे सावरले. बनियनवर शर्टाची बटणं लावत म्हणाले, "तोंड याचंच कर गो. खरा खेळाडू हाच."

वडील एक पाऊल मागे सरले. म्हणाले, छे, मी कसला? आणि मग माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा तास सुरू झाला. आजवर जे दोघे मान मिळावा म्हणून भांडले ते आता तोच मान एकमेकांच्या गळ्यात टाकायला भांडायला लागले. वडील म्हणाले, त्या फायनलला माझी पकड झालीच नव्हती, तो रेडा आपल्याच पायात पाय अडकून पडला, मी नुसता वर जाऊन बसलो. सासरे म्हणाले, मग माझंही ऐक, मी तिघांना नाय, दोघांनाच शिवलो, तिसरा घाबरून आपण होऊन रेषेबाहेर गेला. वडील म्हणाले, ते मला तेव्हाच दिसलं होतं. सासरे म्हणाले, तुझं पण मला दिसलं होतं. म्हणजे ढाल आणणाऱ्या त्या दोन करामती, ज्यांच्यावर माझं लग्न ठरलं, त्या दोन्ही समोरच्या संघानेच केल्या होत्या. कारखान्यातल्या बायका रंगाच्या वाट्या खाली ठेवून हसत होत्या. मी तर खाली बसले.

हळूहळू मात्र त्यांचं बोलणं बदललं. सासरे म्हणाले, याचा खांदा उपांत्य सामन्यातच निखळला होता, टॉवेलने बांधून फायनलला उभा राहिला, पंचाला कळू नये म्हणून वर शर्ट घातला. वडील म्हणाले, आणि हा दिवसभर मिठागरात उभा राहून यायचा, टाचा मिठाने फुटलेल्या, चालला की रक्त यायचं, तरी मैदानात उतरला की हरणासारखा. हे त्याने कुणाला सांगितलं नाय, मी रात्री त्याच्या टाचांना तेल लावायचो म्हणून मला माहीत. माझं हसू तिथे थांबलं. मला यातल्या एकाची पोर आणि दुसऱ्याची सून असल्याचं फार बरं वाटलं.

सगळं बोलून झाल्यावर मी बाबांना आणि सासऱ्यांना, म्हणजे मामांना, म्हटलं, आता दोघे माझं ऐका. दोघांचे पुतळे करते. मामा चढाईला गेलेले, बाबांनी त्यांचा घोटा धरलेला, मामा पडून रेषेकडे हात टाकतायत. सरावाला रोज हेच व्हायचं ना? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बुडायचा प्रश्न होताच. वडिलांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "हा असेल तर मी हाय."

सासरे म्हणाले, तू असशील तर मी पण हाय. मालकांनी कपाळाला हात लावला, कारण उभा खेळाडू मोडून आडवा करायचा होता. पण गणपतीला अजून वेळ होता आणि माती भिजवली की ऐकते.

वादाचं काय, असं तुम्ही विचाराल. वाद मिटला असं मलाही वाटलं होतं. पण पुतळे पाटावर मांडले आणि चुन्याची मध्यरेषा ओढली तसं गावातल्या लोकांनी लगेच विचारायला सुरुवात केली. हात लागला का रेषेला? लागला असेल तर चढाईवाला मोठा, नसेल तर पकडवाला. म्हणजे पुन्हा सगळं माझ्याच बोटांवर येऊन बसलं. मग मी एक केलं. त्या मातीच्या हाताचं मधलं बोट पाटाला टेकवलं नाही, जरासं वर तरंगत ठेवलं, अगदी रेषेवर. पायांच्या बाजूने बघितलं की ते रेषेच्या पलीकडे गेलेलं दिसायचं. डोक्याच्या बाजूने बघितलं की अलीकडे राहिलेलं. मखरासमोर खुर्च्या मी मांडल्या. सासऱ्यांची पायांच्या बाजूला, वडिलांची डोक्याच्या बाजूला.

वडील त्या गणपतीला गावातच राहिले. सगळे दिवस दोघे आपापल्या खुर्चीत राजासारखे बसले. येणाऱ्याला सासरे समाधानाने दाखवायचे, बघ, गेला का नाय हात पार. पलीकडून वडील तेवढ्याच समाधानाने आपल्या माणसाला दाखवायचे, बघ, अडवला का नाय. पार्ट्याही खुर्च्यांप्रमाणे बसल्या होत्या, त्यामुळे कुणाचं कुणाशी भांडण होईना. सासूबाई एकदा दोन्ही बाजूंनी फिरून आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि प्रसादाचा मोठा लाडू माझ्या हातावर ठेवला.

अनंत चतुर्दशीला भरतीच्या वेळी मिरवणूक खाडीवर गेली. गणपती पुढे, मागे पाटावर दोघे खेळाडू. म्हाताऱ्यांनी हट्ट धरला की आपला पाट आपणच धरणार. पायांच्या टोकाला सासरे, डोक्याच्या टोकाला वडील, मध्ये आधाराला गावातले तरणे गडी. धक्क्यावर शेवटच्या आरतीसाठी सगळं खाली ठेवलं. आमच्याकडे आरतीला मूर्तीचं तोंड गावाकडे करतात, तसा गड्यांनी गणपतीबरोबर तो पाटही फिरवला. आरती झाली, हे दोघे होते तिथूनच पुढे आले आणि पाट उचलला. माझ्या लक्षात आलं तेव्हा ते पाण्यात उतरले होते. टोकं बदलली होती. सासरे डोक्याच्या बाजूला होते, वडील पायांच्या.

कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर दोघे थांबले. पाट खाली करायचा म्हणून दोघांनी त्या हाताकडे बघितलं. मी धक्क्यावर उभी होते. आता माझी चोरी पकडली जाणार आणि गुलालातच भांडण पेटणार, असं मला वाटलं. वडिलांनी डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाले, "अरे, लागलाय हात. तू गेला होतास पार."

सासऱ्यांनी मान हलवली. "नाय लागला. तू धरला होतास."

वडील म्हणाले, लागलाय, मी डोळ्याने बघतोय. सासरे म्हणाले, तुझे डोळे गेलेत, चांगला बोटभर अलीकडे हाय. गडी म्हणाले, आजोबा, पाट जड होतोय, सोडा. त्यांनी पाट सोडला. माती खाडीत गेली, धरणारा आणि धरलेला दोघे एकदमच, आणि पाण्यावर चुन्याची पांढरट साय आली. सगळे ओरडले, पुढच्या वर्षी लवकर या. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, आता यांना घरी कोण नेणार. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. गणपती केव्हाच गेले होते, लोक परत वळले होते, आणि ते दोघे म्हातारे अजून पाण्यात उभे राहून एकमेकांना जिंकवत होते.